क्यूबेकच्या बाजूने

वाक्य अर्ध्यावर आलं होतं आणि बाळाजीची जीभ तिथंच अडली. "ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं तोंड उघडू नये, असा कायदा कुठल्या—" इतकं म्हणून झालं होतं, उजवा हात वर गेला होता, अलिबागच्या वाचनालयात दाटीवाटीनं बसलेली सत्तर-ऐंशी माणसं पुढच्या शब्दासाठी कान टवकारून होती, आणि दाराशी त्याला रघू दिसला. त्याचा धाकटा भाऊ. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, काखेत गुंडाळलेली रिकामी गोणपाटं. म्हणजे बाजारात नारळ उतरवून स्वारी परस्पर इकडे आलेली. वहाणा बाहेर काढून तो चौकटीला टेकून उभा होता आणि तोंड उघडं टाकून भावाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बाळाजीनं तो सोसला असता. राग नव्हता. कौतुक होतं, आणि आणखी काहीतरी होतं, त्याचं नाव बाळाजीला पटकन सापडेना. तीन दिवसांपूर्वी नागावच्या वाडीत, रहाटापाशी, याच भावाला त्यानं विचारलं होतं, "तुला इथं काय कमी आहे रे? दोन वेळा पोटभर जेवतोस ना?"

बाळाजीचा वर गेलेला हात तसाच राहिला. श्रोत्यांना वाटलं, मास्तर मुद्दाम थांबले. वक्त्यांची ही एक खोड असते, शब्द हातचा राखून माणसांना ताटकळत ठेवायचं. आणि मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. पुढच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या फौजदारानं पेन्सिल उचलली, जिभेला लावली, आणि काय लिहावं ते न कळून पुन्हा खाली ठेवली. त्या बिचाऱ्याचंही बरोबर होतं. विषय होता, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांनी क्यूबेक हे आपलं स्वतंत्र राष्ट्र करावं की करू नये. ही युक्ती अंबाजीराव वकिलांची. वाचनालयाचे ते अध्यक्ष, वय सत्तर, दात चार, आणि डोकं विशीतलं. सन पस्तीस चाललेलं, मिठाच्या सत्याग्रहाच्या धामधुमीला पाच वर्षं होऊन गेली तरी स्वराज्य हा शब्द कार्यक्रमपत्रिकेवर छापला की परवानगी मिळत नसे. तेव्हा अंबाजीरावांनी नकाशा उघडला, चष्मा नाकावर सरकवला आणि सरकारला जिथून धूर दिसणार नाही इतक्या लांबचा मुलूख शोधून काढला. बाजू ठरवण्यासाठी आपल्याच पगडीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. विरुद्ध बाजूची चिठ्ठी दत्तात्रेय नावाच्या तरण्या वकिलाला आली, आणि बाजूने बोलण्याची बाळाजीला. बाळाजी लोकल बोर्डाच्या शाळेतला मास्तर. मिठाच्या वेळी नोकरीच्या भयानं त्यानं शाळेचं दार आतून लावून घेतलं होतं आणि पोरांना सतराचा पाढा म्हणायला लावला होता, मोठ्यानं, रस्त्यावरच्या घोषणा कानावर येऊ नयेत म्हणून. त्या चिठ्ठीनं त्याला भरपाईची संधी आल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग त्या क्यूबेकनं त्याला झपाटलंच. दीड महिना तो वाचनालयातली इंग्रजी मासिकं आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन बसे. शाळा सुटली की नागावपर्यंत चालत जाताना ओठ हलत असायचे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी जिंकलेले ते शेतकरी त्याला आपल्या गल्लीतले वाटू लागले. सेंट लॉरेन्स नावाची अफाट नदी, आणि तिच्या काठानं त्यांची शेतं, अरुंद आणि लांबच लांब, प्रत्येकाचं एक टोक पाण्याला लागलेलं. हे वाचलं तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली. अरे, ही तर आमची नागावची वाडी! इकडे रस्ता, तिकडे समुद्र, मधे नारळी-पोफळींची लांबडी पट्टी. वाटण्या झाल्या तरी प्रत्येकाला थोडा समुद्र मिळालाच पाहिजे. बर्फ मात्र त्याच्या डोळ्यांपुढे येईना. शेवटी त्यानं ते उरणच्या मिठागरातल्या राशींसारखं कल्पून घेतलं आणि ती अडचण दूर केली. त्या मुलखातल्या कारखान्यात मालक इंग्रज, मुकादम इंग्रज, आणि राबणारा फ्रेंच. शेजारच्या प्रांतांत त्यांच्या भाषेतल्या शाळा बंद पाडलेल्या. पोटासाठी लाखो माणसं सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या गिरण्यांत गेलेली, आणि त्यांच्या नातवंडांना आजीचं बोलणं कळेनासं झालेलं. हे शेवटचं पान बाळाजीनं तीनदा वाचलं होतं. इतकं मन त्यानं जन्मात न बघितलेल्या माणसांसाठी मोकळं केलं होतं, आणि घरात रघू तीन दिवसांपूर्वी चार शब्द बोलला तेव्हा त्यानं त्याला धड पुरं बोलूही दिलं नव्हतं.

सकाळची वेळ होती. बैल डोळ्यांना झापड बांधून रहाटाभोवती फिरत होता, गाडगी भरून वर येत होती, पाटात ओतत होती. रघू पाट वळवता वळवता म्हणाला, "दादा, येक बोलायचं हाय."

"बोल की."

"वेगळी चूल मांडावी म्हंतो."

बाळाजीच्या हातात तेव्हाही क्यूबेकच्या टिपणांचा कागद होता. त्यानं तो खाली घेतला. "का? काय झालं? सगुणा काही बोलली का?"

"वैनी? छ्या! वैनीनं काय बोलायचं?"

"मग तुला इथं काय कमी आहे रे? दोन वेळा पोटभर जेवतोस ना?"

"कमी काय न्हाय."

"मग लोक काय म्हणतील? मास्तराच्या घरात दोन चुली. आबा असते तर तुझी हिंमत झाली असती हे बोलायची?"

रघूनं खोऱ्यानं माती ओढली, पाट बंद केला, दुसरा उघडला. "असूंदे मग," म्हणाला, आणि पाण्याच्या मागोमाग वाडीत आत निघून गेला. बाळाजीला हायसं वाटलं. वाद जिंकल्यासारखंही वाटलं. लगेच त्यानं कागद वर घेतला आणि, कॅनडातल्या बहुसंख्य समाजाला आपल्या धाकट्या भावाचं दुःख का ऐकू येत नाही, हा उतारा मोठ्यानं पाठ करायला घेतला. बैल तेवढा त्याचा साक्षीदार होता, आणि त्याच्या डोळ्यांवर झापड होती.

आता व्यासपीठावर उभ्या उभ्या त्याला हे सगळं इतकं स्वच्छ दिसलं की हसू आवरेना. पण हसण्याच्या खाली भीती होती, आणि ती आजची नव्हती. त्यांचे वडील आबा, म्हणजे बुधाजी, गेले तेव्हा रघू नऊ वर्षांचा होता. दोघांना शिकवणं आईला झेपणारं नव्हतं. कुणी तरी रहाटावर बसायलाच हवं होतं. कुणी काही ठरवलं नाही, भांडण नाही, रडारड नाही. एके दिवशी रघू शाळेत गेला नाही, एवढंच. बैलामागच्या फळीवर बसून तो "हाऽऽ" करून ओरडायचा आणि त्याच्या आवाजावर बाळाजी भूगोल घोकायचा. परीक्षा झाली, नोकरी लागली, कोट आला. तेव्हापासून बाळाजीनं मनाशी एक हिशेब नसलेलं वचन बांधलं होतं की या पोराला कधी अंतर द्यायचं नाही. पानात पहिली तुपाची धार रघूच्या. दिवाळीला पहिलं धोतर रघूला. रघू वेगळा निघाला तर हे सगळं करायचं कुणासाठी? आणि वेगळा होऊन तो मागे वळून बघेनासा झाला तर? एकत्र घर म्हणजे रघू रोज डोळ्यांसमोर, आणि डोळ्यांसमोर आहे तोवर आपण त्याची शाळा हिरावून घेतली नाही. असं काहीतरी ते होतं. नीट मांडता येण्यासारखं नव्हतं, पण त्या क्षणी ते त्याला पोटात कळलं, आणि कळल्यावर हलकं वाटलं.

"कायदा कुठल्या पोथीत लिहिलाय?" त्यानं वाक्य पुरं केलं. आणि मग पाठ केलेलं भाषण बाजूला राहिलं. कागद टेबलावर तसाच पडला. तो दाराकडे बघून बोलू लागला. दत्तात्रेयपंतांनी मघाशी विचारलं होतं की त्या फ्रेंचांना देवळं आहेत, शेती आहे, निवडणुकीत मत आहे, मग कमी काय? बाळाजी म्हणाला, हा प्रश्न मोठा भाऊच विचारतो. धाकट्याला तो सुचतही नाही. मोठ्याच्या मनात पाप असतं असं नाही, माया असते, पण ती माया सगळं घर भरून टाकते आणि धाकट्याला कूस बदलायला जागा राहत नाही. त्यांना दुसऱ्यांचं काही काढून घ्यायचं नाही. त्यांना आपल्या दारात आपल्या बोलीत भांडता यावं, हसता यावं, चुकता यावं. आज बाजारात गेले की त्यांचं बोलणं ऐकून लोक तोंडाला रुमाल लावतात. मग माणूस बाजारात बोलायचं सोडतो. मग अंगणात सोडतो. मग चुलीपाशी हळू आवाजात बोलतो, आणि एक दिवस तिथंही गप्प होतो. आपण बाहेरून म्हणतो, काय गुणी माणसं, आवाज म्हणून नाही! नॉर्वे तीस वर्षांपूर्वी स्वीडनपासून वेगळा झाला, गोळी सुटली नाही, आणि आज दोघं शेजारी गुण्यागोविंदानं नांदतात. आयर्लंडचं नाव ओठांवर आलं होतं, पण फौजदार आयर्लंड ओळखून असणार म्हणून त्यानं ते गिळलं. शेवट त्यानं काय केला ते त्याला स्वतःला आठवत नव्हतं. टाळ्या वाजत राहिल्या, छपरातले पारवे उडाले, आणि अंबाजीरावांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला.

हात वर करून मतं घेतली. त्रेपन्न विरुद्ध बावीस. क्यूबेक अलिबागेत संध्याकाळी साडेपाच वाजता स्वतंत्र झालं. दत्तात्रेयानं येऊन बाळाजीला मिठीच मारली आणि कानात म्हणाला, "मास्तर, हात मीही वरच केला होता, तुमच्या बाजूनं." फौजदारानं लिहून झालेलं अंबाजीरावांना वाचून दाखवलं: भाषण परदेशासंबंधी, आक्षेपार्ह काही नाही, टाळ्या मात्र प्रमाणाबाहेर. "टाळ्या राहू द्या साहेब," अंबाजीराव म्हणाले, "तेवढंच एक खरं आहे त्यात."

दोघे भाऊ नागावच्या वाटेला लागले तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्षी गाव मागे पडलं. रघू गोणपाटं या काखेतून त्या काखेत घेत चालला होता. उजवीकडे एकामागून एक वाड्यांची फाटकं, आणि त्यांच्या झाडांपलीकडून समुद्राचा आवाज. बाळाजीनं मनात पाचसहा वेळा सुरुवात केली. व्यासपीठावर जे पाण्यासारखं वाहिलं ते रस्त्यावर येईना. एवढ्यात रघूच म्हणाला, "दादा, तू लई भारी बोल्लास."

"तुला समजलं?"

"समजलं की. ती मान्सं गोदूवानीच हायत."

बाळाजी थांबला. "गोदू?"

"तू तिचंच सांगितलंस न्हवं? आधी बाजारात बोलत न्हाय, मंग आंगनात बोलत न्हाय, मंग चुलीपाशी. मी दाराशी हुभा ऱ्हाऊन म्हन्लं, बघ, आपन दादाला कायबी सांगितलं न्हाय, पन दादाला समदं ठाव हाय. तिकडच्या लोकांचं नाव घेऊन तो आपल्या घरचंच बोलतोय." रघूचा आवाज जरा ओला झाला. "माझ्याशी बोलते ती. पन दार लावून. माझ्या तोंडून ते तुला सांगाया येईना. वैनीला वाईट वाटंल, तुला वाईट वाटंल."

दारातल्या त्या चेहऱ्यावर काय होतं ते आता बाळाजीला कळलं. आभार होते. न केलेल्या उपकाराचे. गोदू, रघूची बायको, माणगावच्या आतल्या अंगाची. भातशेतीवाल्यांची पोर, समुद्र तिनं लग्नाच्या वरातीत पहिल्यांदा बघितला. तिच्या बोलण्याला तिकडचा हेल होता, शब्द लांबवून शेवटी वर उचलायची. पहिल्या दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती माजघरात कुणाला तरी माहेरच्या गणपतीचं काहीतरी रंगात येऊन सांगत होती. सगुणेनं तिचा हेल काढून दाखवला, सगळे हसले. सगुणेचं हसणं मायेचं होतं, दुसऱ्या दिवशी ती विसरलीही असेल. पण ओटीवरून बाळाजीनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, गोदूचं वाक्य सुधारून दिलं होतं. वर्गात देतात तसं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. मास्तराचं तोंड सवयीनं चालूनच जातं. त्याला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत त्यानं गोदूचा आवाज ऐकला नव्हता, आणि गावभर सांगत होता की धाकटी सून मोठी गुणाची, आवाज म्हणून नाही. आजच्या भाषणात ते वाक्य कुठून आलं होतं ते त्याला रस्त्यात उभ्या उभ्या दिसलं. पुस्तकात ते कुठंच नव्हतं.

मला ठाऊक नव्हतं, असं सांगून टाकावं का? क्षणभर वाटलं, सांगावं. मग रघूकडे बघितलं, आणि ती कबुली रघूच्या नव्हे, आपल्याच सोयीची आहे हे त्याला उमगलं. त्यानं गोणपाटांचं एक टोक आपल्या हातात घेतलं. "चूल कुठं मांडायची म्हणतोस?"

"दादा?"

"वाडी एकच राहील. रहाट एकच. बैल तुझंच ऐकतो, तेव्हा तो तुझाच. चूल कुठं?"

"समुद्राकडच्या टोकाला. ती माडाच्या झापांची खोप हाय ना, ती शाकारून घेतली की झालं." इतकं झरझर आलं की, हे दोघांनी किती दिवस मनात बांधून ठेवलं होतं ते वेगळं विचारायला नको. रघू पुढे बोलतच सुटला, दार कुठल्या तोंडाचं, ओटा किती, कौलं पुढच्या सालाला. बाळाजी ऐकत होता. भाऊ इतकं बोलतो हे त्याला ठाऊक नव्हतं. भीती वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला. नागावची वेस आली तरी ती आली नाही. उलट पाय इतके हलके पडत होते की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

हे कळल्यावर सगुणा दोन दिवस घुमी झाली. "मी हसले ती तिला माझी समजून हसले," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिसऱ्या दिवशी आपणहून तिनं घरातली चांगली पितळी, दोन तांबे आणि पाटा काढून ठेवला. मुहूर्ताच्या सकाळी चुलीतले निखारे मातीच्या परळात घेऊन, त्यावर राख पसरून, ती स्वतः वाडीच्या त्या टोकापर्यंत चालत गेली. संध्याकाळी झाडांच्या मधून, समुद्राच्या बाजूला, दुसरा धूर दिसला. दोघं ओटीवर बसून तो बघत राहिली.

चूल मांडल्याच्या पाचव्या दिवशी रघू आला. अंगात धुतलेली पैरण. रोज दहादा येणारा माणूस आज ओटीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, वैनी, उद्या दुपारी आमच्याकडं जेवाया या." तीस वर्षं दोघं एका पंगतीत जेवले होते आणि रघूनं त्याला कधी जेवायला बोलावलं नव्हतं. बोलावणार कसा? ज्याला स्वतःचा उंबरा नाही त्याचा पाहुणा कोण होणार? हा मुद्दा भाषणात घालायला हवा होता, असं त्याच्या मनात आलं. त्रेपन्नाची साठ मतं झाली असती. पण क्यूबेकचं आता उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं कोट घातला, टोपी घातली, सगुणेनं जरीकाठी नेसली, आणि दोघं आपल्याच वाडीतून पाहुणी म्हणून चालत निघाली. खोपीशी पोचल्यावर बाळाजी खाकरला. रघूनं पाय धुवायला पाणी दिलं.

ताटं आली. नाचणीची भाकरी, कांदा, आणि कुळथाचं पिठलं, वर लसणाची फोडणी. बाळाजीनं घास घेतला. टाळूपर्यंत झणका गेला. काहीतरी चुकलं होतं. त्यानं दुसरा घास घेतला, जिभेवर घोळवला आणि ध्यानात आलं. नारळच नव्हता! डोक्यावर वीस-पंचवीस माड, दाराशी सोललेल्या नारळांची रास, आणि ताटात नारळाचा कीस नाही. धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायची रीत नव्हती, म्हणून तो रघूकडे वळून, पण आत ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे, गडबडीत नारळ राहिला वाटतं?"

रघू कावराबावरा झाला. सगुणेचा हात ताटातच थांबला. खोपीच्या आतल्या बाजूला, झापाच्या आडून, बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग आवाज आला. मोकळा, खणखणीत, शब्द लांबवून शेवटी वर उचलणारा.

"ऱ्हायला न्हाय, भावजी. आमच्यात कुळथाला नारळ घालीत न्हाईत."

आठ वर्षांत हे तिचं बाळाजीशी पहिलं वाक्य. "आमच्यात" म्हणजे माणगावात की या पाच दिवसांच्या खोपीत, ते तिनं सांगितलं नाही. बाळाजीच्या ओठांवर सवयीनं काहीतरी आलं होतं. ते त्यानं घासाबरोबर गिळलं.

"का बरं घालत नाहीत?" त्यानं विचारलं. रघूकडे न बघता, सरळ झापाकडे बघून.

मग गोदू सांगू लागली. तिकडं माड कुठले, भावजी, तिकडं डोंगूर. आणि कुळीथ कसा भाजायचा, तिची आई तो जात्यावर भरडताना काय म्हणायची, आणि भातलावणीच्या दिवसांत सगळी माणसं बांधावर बसून हेच कसं खायची, आणि मधेच एका रेड्याची गोष्ट, जो पंगतीत शिरला होता. सगुणा हसायला लागली, या खेपेला रेड्याला. आतून गोदूही हसली. रघू जेवायचं विसरून एकदा झापाकडे आणि एकदा भावाकडे बघत होता. दुसरी भाकरी संपली तरी ती बोलतच होती, म्हणून बाळाजीनं तिसरी मागून घेतली.